रेषा (आधुनिक तुर्की चित्रकला)

आधुनिक तुर्की चित्रकलेतील एका मोठ्या प्रवाहात चित्राची रचना छायाप्रकाशापेक्षा रेषेवर उभी असते. या प्रवाहाचे मूळ दुहेरी आहे: इस्तंबूलची सुलेखन व लघुचित्र परंपरा आणि पॅरिसमधील घनवादी शिक्षण, म्हणजे वस्तू भौमितिक आकारांत मोडून दाखवणाऱ्या शैलीचे शिक्षण. १९३३ मध्ये स्थापन झालेल्या ‘डी गट’ या चित्रकारसमूहाचे पहिले प्रदर्शन बेयोग्लू भागातील टोप्यांच्या दुकानात भरले आणि त्यात रेखाटनेच होती. संस्थापकांपैकी नुरुल्ला बर्क (१९०६–१९८२) फ्रेंच घनवादी चित्रकार आंद्रे लोत यांच्याकडे शिकले. त्यांच्या ‘इस्त्री करणारी स्त्री’ या चित्रात गडद रेषा देह, कापड आणि पार्श्वभूमी एकाच भौमितिक जाळ्यात बांधते. दुसरे संस्थापक आबिदीन दिनो (१९१३–१९९३) यांची हातांची रेखाटने मात्र प्रवाही आहेत. तिथे छटा जवळपास नसतेच.

१९२८ मध्ये अरबी लिपी जाऊन लॅटिन लिपी आली. वाचनातून सुटलेली जुन्या अक्षरांची वळणे पुढे साब्री बेर्केल यांच्या अमूर्त चित्रांत उतरली. या वळणांचे गमक बोरूत, म्हणजे सुलेखनाच्या लेखणीत आहे. त्याचे टोक तिरके कापलेले असते, त्यामुळे रेषेची जाडी मुख्यतः टोकाच्या रुंदीवर आणि धरण्याच्या कोनावर ठरते. मधेच कोन बदलला की वळण लुळे पडते. कागदालाही अंड्याचा पांढरा बलक व तुरटी यांचा लेप देऊन घोटावे लागते. लेप न दिलेल्या कागदावर शाई फुटते आणि कड जाते.

तैलरंगात अडचण वेगळी. खालचा थर ओला असताना काढलेली रेषा त्याचा रंग उचलून मळते. रेषा सहज सरकावी म्हणून टर्पेंटाइन जास्त घातले, तर तेल विरळ होऊन रंग पसरतो आणि वाळल्यावर नीट धरत नाही. म्हणून वाळलेल्या थरावर, लांब केसांच्या कुंचल्याने, खालच्यापेक्षा किंचित अधिक तेल असलेल्या रंगात रेषा ओढणे चांगले. चहूबाजूंनी सारख्याच जाडीने बंद केलेला आकार कापून चिकटवल्यासारखा दिसतो. शेजारच्या आकारांची कड सामाईक ठेवली, की हा दोष बराच कमी होतो.

फाहरेलनिस्सा झैद यांचे ‘माझा नरक’ (१९५१) पाच मीटरहून रुंद आहे. इतक्या विस्तारात काळ्या रेषा असंख्य रंगतुकड्यांना वेगळे करतात, पण त्यातली एकही रेषा कोणत्या वस्तूची बाह्यरेषा नाही. एर्गिन इनान (जन्म १९४३) यांच्या चित्रांत कीटक आणि हस्ताक्षर एकाच बारीक रेषेने शेजारी येतात. लघुचित्राचा वारसा तिथे सर्वांत स्पष्ट दिसतो.