दोन रेघा, दोन सूत

ऐरोलीच्या घरी किचनचं फर्निचर चालू होतं. प्लायच्या तुकड्यावर मी पेन्सिलीने दोन सारख्या रेघा मारल्या. वरचीच्या टोकांना बाणासारखे आत वळलेले पंख, खालचीचे बाहेर फाकलेले. मिस्त्री म्हणाले, "खालची दोन सूत मोठी." त्यांचा हेल्पर म्हणाला, "सारख्याच आहेत की!" टेप लावला. पोरगं बरोबर निघालं.

हा भ्रम म्युलर-लायर या जर्मन संशोधकाने १८८९ मध्ये मांडला. तो सगळ्यांना सारखा होत नाही, हे लवकरच दिसलं. १८९८ मध्ये केंब्रिज विद्यापीठाची मोहीम ऑस्ट्रेलिया आणि न्यू गिनी यांच्यामधल्या टोरेस सामुद्रधुनीत गेली, तीत डब्ल्यू. एच. आर. रिव्हर्स हे मानसशास्त्रज्ञ होते. तिथल्या मरे बेटावरचे लोक या रेघांना इंग्रजांपेक्षा कमी फसले. उभी रेघ आडवीपेक्षा मोठी वाटते त्या भ्रमाला मात्र जास्त. पुढे निलगिरीतल्या तोडा लोकांतही रिव्हर्सना हेच आढळलं. अडाणी माणूस सहज फसतो, या साहेबी समजाला एवढ्यानेच तडा जायला हवा होता.

१९६६ मध्ये सीगल, कॅम्पबेल आणि हर्स्कोविट्स या संशोधकांनी जगभरच्या सतरा गटांची तुलना केली. त्यांचा तर्क असा: भिंती, चौकटी, काटकोन यांत वाढलेला डोळा फाकलेल्या पंखांत खोलीचा आतला कोपरा बघतो, रेघ दूरवर आहे असं धरतो आणि मनातल्या मनात मोठी करतो. या तर्काला इंग्रजी नावच मुळी सुतारकामावरून पडलं, 'कार्पेंटर्ड वर्ल्ड'. मिस्त्रींना सांगितलं तर हसतील.

पण २०१५ मध्ये दृष्टी-संशोधक पवन सिन्हांच्या गटाने भारतातल्या नऊ जन्मांध मुलांना मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर लगेच हा भ्रम दाखवला. मुलं फसली. कोपरे बघत मोठं व्हायला त्यांना वेळच मिळाला नव्हता.

शिवाय गटाच्या सरासरीत एकेकटा माणूस बुडून जातो. आमच्या किचनमधले दोघंही काटकोनातच दिवस काढतात! २०११ मध्ये लंडनच्या संशोधकांना दुसऱ्या काही भ्रमांत दिसलं, की मेंदूचा पहिला दृष्टी-भाग ज्यांचा लहान, ते जास्त फसतात. २०१७ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या लोझानच्या गटाने अनेक भ्रम त्याच त्या माणसांवर तपासले, तर एकात फसणारा दुसऱ्यात फसेलच असं काही निघेना.

मग मी त्याच प्लायवर उलटा टी काढला, उभी-आडवी सारखीच. हेल्पर बेधडक म्हणाला, "उभी मोठी."