'क्वाइट गुड' म्हणजे बरं की भारी?

पहिल्या नोकरीत एका इंग्रज साहेबाने माझ्या रिपोर्टवर 'क्वाइट गुड' असा शेरा मारला आणि मी खुशीत अख्ख्या टीमला वडापाव खाऊ घातला. दोन दिवसांनी तोच रिपोर्ट परत लिहायला लागला तेव्हा ट्यूब पेटली, साहेबाला म्हणायचं होतं 'ठीकाय, चालेल'. हेच एखाद्या अमेरिकन माणसाने लिहिलं असतं तर पार्टी बहुतेक वसूल झाली असती, कारण तिकडे क्वाइट गुड म्हणजे साधारण 'चांगलंच जमलंय की'.

आता ही भानगड कुठून आली, तर 'क्वाइट' हा शब्द इंग्रजीत आला जुन्या फ्रेंचमधून आणि तिथे त्याचा अर्थ होता मोकळा, देणं फिटलेला. त्याच्याही मागे लॅटिनमधला क्वायेटस, म्हणजे निवांत. म्हणजे क्विट, शांततावाला क्वायट आणि कोर्टात निर्दोष सुटतात ते ॲक्विट ही सगळी एकाच घरातली भावंडं, आणि आपण फिट्टंफाट म्हणतो तिथे इंग्रज 'वी आर क्विट्स' म्हणतो तेही त्यातलंच. हिशेब फिटला म्हणजे पूर्णच फिटला, पै बाकी नाही, म्हणून क्वाइटचा पहिला अर्थ 'पूर्णपणे'. 'बऱ्यापैकी' हा अर्थ कित्येक शतकांनी चिकटला, वापरून वापरून शब्दाची धार गेल्यावर.

जुना अर्थ मेला मात्र नाही. कुठला धरायचा ते पुढचं विशेषण सांगतं. चहा कमी गरम असतो, जास्त गरम असतो, म्हणून 'क्वाइट वॉर्म' म्हणजे बऱ्यापैकी गरम. पण 'जास्त अशक्य' किंवा 'थोडासा मेलेला' असं काही नसतंच ना, त्यामुळे 'क्वाइट इम्पॉसिबल' म्हणजे साफ अशक्य. त्यात ब्रिटिश लोक सुरावरही खेळतात, जोर क्वाइटवर पडला की नाक मुरडलं समजा, गुडवर पडला तर खरं कौतुक. लिहिलेल्या शेऱ्यात सूर ऐकू येत नाही, तिथेच माझे वडापाव गेले.

आणि हसू नका, आपलं 'बरं' काय कमी आहे? भाजी 'बरी झालीय' म्हटलं की करणाऱ्याचं तोंड पडतं, आणि 'बरीच झालीय' म्हटलं तर उद्याच्या डब्याची सोय झाली, फरक फक्त एका च चा. इंग्रजीत फ्यू म्हणजे थोडे, पण 'क्वाइट अ फ्यू' म्हणजे चक्क बरेच! आणि तुमचं सगळं ऐकून एखादा इंग्रज आजोबा मान हलवत नुसतंच 'क्वाइट' म्हणाला तर ते आपलं 'अगदी, अगदी', तिथे जुना, पूर्ण हिशेबवाला अर्थ.