प्लॉगिंग वेगळं, गुडजिम वेगळं

इंग्लंडमध्ये मी गुडजिम नावाच्या संस्थेच्या ज्या गटाबरोबर धावते त्याचे फोटो पुण्या-ठाण्याच्या मित्रमंडळींना पाठवले की उत्तर ठरलेलं असतं, "अरे वा, तिकडेही प्लॉगिंग चालतं तर!" फोटोत लोकांच्या हातात फावडी असतात, कोणी एकचाकी गाडी ढकलत असतं, कोणी शाळेच्या कुंपणाला रंग देत असतं. प्लॉगिंग म्हणजे धावता धावता कचरा उचलणं, आणि इथे तर कचऱ्याची पिशवी औषधालाही नसते. तरी उत्तर तेच. धावणं आणि समाजाचं काम एकत्र आलं की त्याला प्लॉगिंग म्हणून मोकळं व्हायचं, अशी सवयच पडली आहे. या घोळाचा मला मनापासून त्रास होतो, कारण त्यापायी आपल्याकडचे चांगले, उत्साही गट नको तिथे घाम गाळतात आणि जिथे माणसं हवी असतात तिथे कोणी पोचत नाही.

प्लॉगिंग तुम्हाला ठाऊक आहे, म्हणून थोडक्यात. स्वीडनच्या एरिक आलस्ट्रोम यांनी २०१६ मध्ये स्टॉकहोममध्ये ते सुरू केलं. धावायचं, कचरा दिसला की वाकून उचलायचा, पिशवीत टाकून पुढे जायचं. २०१९ च्या ऑक्टोबरात पंतप्रधान मोदी मामल्लपुरमच्या किनाऱ्यावर प्लास्टिक वेचताना दिसले आणि प्लॉगिंग घरोघरी पोचलं. पुण्यात विवेक गुरव यांच्या 'पुणे प्लॉगर्स'चं काम त्याही आधीपासून चालू होतं. पुढे शिकायला ब्रिस्टलला गेल्यावर त्यांनी ब्रिटनमधल्या शहराशहरांत प्लॉगिंग केलं आणि २०२३ मध्ये त्यांना ब्रिटिश पंतप्रधानांचा 'पॉइंट्स ऑफ लाइट' पुरस्कार मिळाला. तेव्हा प्लॉगिंगबद्दल मराठी माणसाला मी काय सांगणार?

गुडजिमबद्दल मात्र सांगायला हवं. ही ब्रिटनमधली नोंदणीकृत धर्मादाय संस्था. ईवो गॉर्मली यांनी पंधराहून अधिक वर्षांपूर्वी पूर्व लंडनमध्ये ती सुरू केली. जिममध्ये माणसं घाम गाळून जी ताकद खर्च करतात तिचा कोणालाच उपयोग होत नाही, आणि त्याच गल्लीत एखादं एकटं म्हातारं माणूस बोलायला कोणी नाही म्हणून दिवस ढकलत असतं. या दोन गोष्टी जोडता येतील का, हा तिचा मूळ विचार. आज तिची कामं साधारण तीन प्रकारची आहेत. पहिलं, आठवड्यातल्या एका संध्याकाळी गटाने धावत एखाद्या ठिकाणी जायचं, तिथलं अंगमेहनतीचं काम करायचं आणि धावत परत यायचं. दुसरं, एखाद्या ज्येष्ठ माणसाच्या घरचं एकट्याने न होणारं काम दोघातिघांनी जाऊन उरकायचं. तिसरं, एकट्या राहणाऱ्या एका ज्येष्ठ व्यक्तीला नियमितपणे भेटायला जायचं. या व्यक्तीला तिथे 'कोच' म्हणतात, कारण ती वाट बघत असते म्हणून धावणारा पावसातही घराबाहेर पडतो. अशा भेटींआधी पोलिसांकडच्या नोंदींची रीतसर तपासणी होते, आणि ती व्हायलाच हवी. अलीकडे काही जण चालत किंवा सायकलनेही येतात.

किरकोळ फरक भराभर सांगते. प्लॉगिंगमध्ये हातमोजे आणि पिशवी, इथे हातमोजे आणि पुढे जे अवजार मिळेल ते. तिथे सारखं वाकून मांड्या भरून येतात, इथे फावडं मारून पाठ आणि खांदे. तिथे धावण्याचे तुकडे पडतात, इथे जाताना आणि येताना सलग धावता येतं. कशात किती कॅलरी जळतात यावर लोक तासन्तास बोलतात. मला त्या चर्चेत काडीचा रस नाही.

खरा फरक एकच, आणि तोच सगळ्यांच्या नजरेतून सुटतो. काम कोणी ठरवलं?

प्लॉगिंगमध्ये काम धावणारा ठरवतो. रस्त्यावर बाटली दिसली, उचलली. कोणाला विचारायची गरज नाही, कारण रस्त्यावरची बाटली तिथे असू नये याबद्दल कोणाचंच दुमत नसतं. म्हणून प्लॉगिंग एकट्याने, कधीही, कुठेही करता येतं, आणि हेच त्याचं मोठं बळ आहे. गुडजिममध्ये काम दुसऱ्या कोणीतरी मागितलेलं असतं. बाग चालवणारी मंडळी, अन्नधान्य वाटणारी संस्था, शाळा, किंवा पलंग हलवता न येणाऱ्या आजी. धावणं हे तिथवर पोचायचं साधन. तारीख ठरलेली असते, वेळ ठरलेली असते, पलीकडे माणूस दार उघडून उभं असतं. गट गेला नाही तर ते काम तसंच पडून राहतं आणि त्या माणसाचा खोळंबा होतो.

दिवाळीनंतरच्या दिवसांत इथे साडेचारलाच अंधारून येतं. अशाच एका संध्याकाळी आम्ही कपाळाला दिवे बांधून एका वस्तीतल्या बागेत गेलो. ही बाग आसपासची माणसं मिळून चालवतात. फाटकाशी लाकडाच्या ढलप्यांचा ढीग पडला होता, माणसाच्या छातीएवढा. महापालिकेच्या माणसांनी झाडं छाटून, यंत्रात बारीक करून तो बागेला दिला होता, पण आत वाहून न्यायला बागेच्या साठी-सत्तरीतल्या मंडळींकडे जोर नव्हता. बागेचं काम बघणाऱ्या बाईंनी टॉर्च मारून आधी वाट दाखवली: इथपासून शेडपर्यंत, चार बोटं जाडीचा थर, आणि रोपांच्या बुंध्याशी ढलप्या टेकवायच्या नाहीत, कारण ओल धरून बुंधा कुजतो. मग कोपऱ्यातल्या झोंबणाऱ्या पानांच्या नेटलकडे बोट दाखवून म्हणाल्या, याला हात लावू नका, फुलपाखरांच्या अळ्यांसाठी मुद्दाम ठेवलंय. निम्म्यांनी गाड्या भरल्या, निम्म्यांनी ओतल्या, शेवटच्या दोघींनी दंताळ्याने थर सारखा केला. पाऊण तासात फाटक मोकळं झालं.

आता हाच गट न विचारता, केवळ 'चला, बाग स्वच्छ करू' म्हणून गेला असता तर पहिली कुऱ्हाड त्या नेटलवर पडली असती. अनोळखी माणसाला ते तणच दिसतं. ढीग मात्र जागच्या जागी राहिला असता, कारण बाहेरून बघणाऱ्याला ढीग म्हणजे कोणाचं तरी चालू काम वाटतं. काम कुठलं आणि कचरा कुठला, हे तिथल्या माणसालाच माहीत असतं.

गुडजिमच्या दुसऱ्या प्रकारच्या, म्हणजे ज्येष्ठांच्या घरच्या कामात तर हे आणखी ठळक होतं. रुग्णालयातून घरी यायचं असलेल्या एखाद्या आजोबांना जिना चढता येत नसतो. त्यांची खाट खालच्या खोलीत आणायची असते, सोफा सरकवून जागा करायची असते. कौशल्य काही लागत नाही, चार हात लागतात. पण ते अमुक दिवसाच्या आत लागतात, नाहीतर घरी येणं लांबतं. हे काम रस्त्याने धावताना कधीच 'दिसणार' नाही. ते कोणीतरी सांगावं लागतं, आणि सांगणारा आणि धावणारा यांच्यामध्ये कोणीतरी दुवा म्हणून बसावं लागतं. किती माणसं येतील, फावडी किती आहेत, काम एका संध्याकाळीत उरकेल का, ही सगळी फोनाफोनी कोणीतरी आधी केलेली असते. फोटोत ती दिसत नाही, आणि म्हणूनच नक्कल करताना नेमकी तीच गळते.

त्याची उदाहरणं आपल्याकडे बघितली आहेत. माझ्या माहितीतल्या एका गटाने रविवारच्या धावण्याला जोडून एका शाळेची भिंत रंगवली. सुंदर रंगवली. शाळेला हवं होतं ते गळक्या नळाखाली साचणाऱ्या चिखलात चार पाट्या खडी टाकून देणं. भिंतीबद्दल कोणी विचारलं नव्हतं, आणि खडीबद्दल शाळेला कोणी विचारलं नाही. त्या गटातली माणसं मनाने चांगली आहेत, मेहनतीला मागे हटत नाहीत. त्यांनी प्लॉगिंगची रीत, म्हणजे दिसलं की करायचं, अशा कामाला लावली जिथे आधी विचारावं लागतं.

विचारून काम करण्याची परंपरा आपल्याकडे नाही असं मुळीच नाही. पानी फाउंडेशनच्या वॉटर कपच्या दिवसांत १ मे च्या महाश्रमदानाला शहरातले लोक गावोगाव गेले, तेव्हा चर कुठे खणायचा हे शहरवाल्यांनी ठरवलं नव्हतं. गावातल्या प्रशिक्षण घेतलेल्या माणसांनी समपातळी काढून फक्कीच्या रेघा मारून ठेवल्या होत्या. आलेल्याने कुदळ घ्यायची आणि रेघेवर खणायचं. रेघ वाकडी गेली असती तर पाणी अडण्याऐवजी एका टोकाला धावून बांधच फुटला असता. पुण्याच्या टेकड्यांवर उन्हाळ्यात बाटल्या-कॅनमधून रोपांना पाणी घालणारी माणसं आहेत. त्यांनाही ठाऊक असतं की वाटेलगतच्या रोपांना येणारा-जाणारा प्रत्येक जण पाणी घालतो, आणि उतारावरची आतली रोपं वाळतात. एखाद्या धावणाऱ्या गटाने त्यांना गाठून 'आतल्या कुठल्या रांगा आम्ही घेऊ?' एवढं विचारलं, की झालं गुडजिम. नाव काहीही द्या.

प्लॉगिंगबद्दलही माझी एक तक्रार आहे, आणि ती याच फरकातून येते. उचलेपर्यंत कोणाला विचारावं लागत नाही हे खरं, पण पिशवी भरली की प्रश्न सुरू होतो. भरलेल्या पिशव्यांशेजारी फोटो काढून त्या चौकात ठेवून निघून जाणं मला अजिबात पटत नाही. त्यात वेफर्सची पाकिटं, गुटख्याच्या पुड्या, फुटक्या काचा आणि उष्टं सगळं एकत्र असतं, आणि ते वेगळं करायचं काम सोमवारी सकाळी सफाई कामगाराच्या किंवा कचरावेचक बाईच्या माथी येतं. पुण्यात 'स्वच्छ' ही कचरावेचकांची स्वतःची सहकारी संस्था आहे. अशा मंडळींशी आदल्या दिवशी बोलून काच वेगळी, कोरडं वेगळं, पिशव्या अमुक ठिकाणी अमुक वाजता, एवढं ठरवलं तर प्लॉगिंग पूर्ण होतं. चांगले प्लॉगिंग गट हे करतात.

चॅरिटी रनचाही घोळ होतो, पण तो लवकर सुटतो. मुंबई मॅरेथॉनमध्ये संस्थेच्या नावाने धावणारा माणूस ओळखीच्यांकडून पैसे जमवतो. धावणं हे निमित्त, मदत पैशांची, काम संस्था नंतर करते. उत्तम गोष्ट आहे, तिची या दोन्हींशी गल्लत करायचं कारण नाही.

मला विचाराल तर माझं मन गुडजिमच्या प्रकाराकडे ओढतं. दिसलेलं काम करायला माणसं मिळतात. न दिसणाऱ्या कामाला मिळत नाहीत. महाराष्ट्रात ते सुरू करायचं तर पहिली अडचण वेळेची. ब्रिटनमधले गट संध्याकाळी धावतात, आपले पहाटे साडेपाचला. त्या वेळी बहुतेक संस्थांना कुलूप असतं. वृद्धाश्रमात सकाळी सहा-सात ही आंघोळीची, चहाची, औषधांची वेळ. तेव्हा पंधरा घामेजलेली माणसं दारात उभी राहिली तर तिथल्या मावशींची अडचणच होते. टेकडी, नदीकाठ, मैदान, रविवारी शिपाईकाका किल्ली घेऊन येतील अशी शाळा, ही ठिकाणं पहाटेला चालतात. बाकी ठिकाणी महिन्यातून एखादं धावणं संध्याकाळी ठेवायची तयारी हवी.

आणि संस्थेत गेल्यावर 'आम्ही काय मदत करू?' असं विचारू नका. समोरचा माणूस संकोचाने 'काहीही करा, आनंद आहे' म्हणतो, आणि मग पुन्हा भिंतीच रंगतात. त्याऐवजी विचारा, 'माणसं कमी पडली म्हणून गेल्या महिन्यात कुठलं काम राहून गेलं?' उत्तर मिळायला थोडा वेळ लागतो, पण मिळतं: माळ्यावरची पुस्तकं, मागच्या अंगणातला राडारोडा, गोदामातली तांदळाची पोती. मग तीनच गोष्टी लिहून घ्या. अवजारं कोणाची, काम दाखवायला त्या दिवशी कोण हजर असेल, आणि हातपाय धुवायला नळ कुठे आहे.