रिठ्याची बाटली आणि भाजणीचे पाकीट

मुंबईतल्या बचत गटांच्या प्रदर्शनांत एकाच टेबलावर थालीपिठाची भाजणी आणि रिठ्याचे भांडी घासायचे द्रावण शेजारी शेजारी मांडलेले दिसते. भाजणीच्या पाकिटावर १४ आकडी नोंदणी क्रमांक, घटकांची यादी आणि हिरवा ठिपका लागतो. बाटलीला लागू होतात ते मुख्यतः वजनमापांचे नियम: किंमत, माप, बनवल्याचा महिना, बनवणाऱ्याचा पत्ता. आत काय आहे आणि ते किती दिवस टिकेल, हे अन्नाइतक्या काटेकोरपणे कोणी विचारत नाही. थालीपीठ मात्र त्याच द्रावणाने घासलेल्या ताटात वाढले जाते.

राख, चिंच, नारळाची शेंडी आणि रिठा यांच्यावर मुंबईची स्वयंपाकघरे पिढ्यान्‌पिढ्या चालली. १८९६ च्या प्लेगने चुना आणि कार्बोलिक ही जंतुनाशके आणली. खाद्यव्यवसायांवर पालिकेच्या परवान्याचा अंकुश त्याआधीच, १८८८ च्या कायद्याने आला होता. देशभरासाठी अन्नभेसळीविरुद्धचा एकच कायदा व्हायला मात्र १९५४ साल उजाडले.

त्या कायद्याच्या काळात ‘वनस्पती’ या शब्दाने जो गुंता केला, तो अजून सुटलेला नाही. दुकानदार ज्याला नुसते ‘वनस्पती’ म्हणत, ते हायड्रोजन घालून घट्ट केलेले तेल होते. साजूक तुपात त्याची भेसळ झाली तर ओळखता यावी म्हणून त्यात किमान ५ टक्के तिळाचे तेल घालणे बंधनकारक होते. प्रयोगशाळेत आम्लाची चाचणी केली की तिळाच्या तेलामुळे लाल रंग उमटे. १९८३ मध्ये याच वनस्पती तुपात आयात केलेली प्राण्यांची चरबी मिसळल्याचे उघड झाले. ही चरबी साबणाच्या धंद्यात लागणारा कच्चा माल होती. देशभर संताप उसळला आणि तिच्या आयातीवर बंदी आली. त्या संतापाचा रोख चरबी कुठून आली यावर होता. तिळाच्या तेलाची खूण असलेल्या अस्सल वनस्पती तुपातही ट्रान्स फॅट, म्हणजे तेल घट्ट करताना तयार होणारी, हृदयाला घातक चरबी, होतेच. त्यावर मर्यादा यायला पुढची जवळपास तीन दशके गेली. ती २ टक्क्यांवर आली २०२२ मध्ये. तोवर किती घरांत ते तूप रोजच्या जेवणात गेले असेल!

मूळ कोणते आणि परिणाम काय, हे दोन प्रश्न वेगळे आहेत. हिरव्या ठिपक्याच्या वादात ते पुन्हा एकमेकांत मिसळले. २०००-२००१ मध्ये पाकीटबंद अन्नावर शाकाहाराचे हिरवे आणि मांसाहाराचे तपकिरी ठिपके आले. साबण, शाम्पू, सौंदर्यप्रसाधने यांवरही ते हवेत, असे दिल्लीच्या उच्च न्यायालयाने २००२ मध्ये म्हटले. सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये तो निर्णय रद्द केला. पुढच्याच वर्षी, जून २०१४ मध्ये, केंद्राने वजनमापांच्या नियमांत दुरुस्ती करून ठिपके सक्तीचे केले आणि त्याला मुंबईत उच्च न्यायालयात आव्हान मिळाले. २०२१ अखेरीस केंद्राचा सूर उत्पादकांनी ते स्वेच्छेने लावावेत इथवर उतरला होता. ग्राहकाच्या श्रद्धेचा आणि निवडीचा हा प्रश्न खरा आहे, त्याला कमी लेखण्याचे कारण नाही. पण या सगळ्या काळात या ठिपक्याला सुरक्षिततेची मोहोर समजण्याची सवय लागली, आणि ती घातक आहे. हिरवा ठिपका पदार्थ शाकाहारी आहे एवढेच सांगतो.

भांड्यांचा साबण तर या वादातही धडपणे आला नाही. १९४० च्या औषध व सौंदर्यप्रसाधन कायद्याच्या व्याख्येतून साबण वगळलेला होता. १९८२ च्या दुरुस्तीने तो अपवाद काढला. अंगाचा साबण कायद्याखाली आला. पण व्याख्या शरीराला लावायच्या वस्तूंची असल्याने ताटाला लावायचा साबण बाहेरच राहिला.

२००६ च्या अन्न सुरक्षा कायद्याचे नियम ५ ऑगस्ट २०११ पासून लागू झाले. घरी लाडू वळून विकणाऱ्या बाईलाही वर्षाला १०० रुपये भरून नोंदणी करावी लागते. परवान्याच्या नियमांना जोडलेल्या चौथ्या परिशिष्टात स्वच्छतेच्या अटी आहेत: सफाईची रसायने अन्नापासून दूर, नाव लिहिलेल्या डब्यात ठेवावीत, वगैरे. अस्वच्छ जागेत अन्न बनवल्यास १ लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. ताटावर उरलेला साबणाचा अंश अन्नात उतरला, तर तो कायद्याच्या भाषेत दूषित करणारा पदार्थ ठरू शकतो, मग तो रिठ्याचा असो की कारखान्यातला.

रिठ्याचा फेस येतो तो त्यातल्या सॅपोनिनमुळे. ते तेलकटपणा काढते, तसेच डोळ्यांना झोंबते आणि माशांना विषारी असते. त्याहून रोजची अडचण म्हणजे रिठे उकळून काढलेले पाणी मुंबईच्या दमट हवेत काही दिवसांतच आंबते, त्यावर बुरशी धरते. ते टिकवायला काहीतरी घालावे लागते, आणि ते काय घातले, किती घातले, हे बाटलीवर असायलाच हवे. न घालता विकले तर ताट धुताना त्यावर जंतूच चोळले जातात.

ऑक्टोबर २०२४ मध्ये पर्यावरणविषयक फसव्या दाव्यांसाठी मार्गदर्शक सूचना आल्या. ‘नैसर्गिक’, ‘हरित’ असे शब्द वापरायचे तर आधार द्या, असे त्या सांगतात. त्यांचा विषय जाहिरातीतला दावा आहे. बाटलीत टिकवण्यासाठी कोणता पदार्थ घातला आहे आणि ती उघडल्यावर किती दिवसांत संपवावी, ही माहिती छापण्याची सक्ती त्यातून येत नाही.