कपलर गेला की पिन गेली?

हेडलाइट मधूनच मिणमिणतो, गाडी खड्ड्यात आदळली की एखादा सेन्सर रुसतो, आणि निदान ठरलेलं: ‘कपलर (वायरी जोडायचा-सोडायचा प्लॅस्टिकचा जोड) गेलाय.’ मग वायरी कचाकच कापायच्या, नवा कपलर जोडायचा, वर काळी टेप गुंडाळायची. पंधरा दिवसांनी तोच मिणमिणाट, फक्त आता टेपही चिकट होऊन सुटलेली. कपलर म्हणजे दोन वेगळ्या वस्तू: बाहेरचं प्लॅस्टिकचं हाउसिंग आणि आतली धातूची पिन. दोघांचे आजार वेगळे, इलाजही वेगळे.

हाउसिंगचं फार सांगत बसत नाही. लॉकची जीभ तुटली, प्लॅस्टिक तडकलं, रबरी सील फाटलं, तर ते डोळ्यांना दिसतं. वायर कापायची गरज बहुतेक वेळा नसतेच. आधी फोटो काढा, कुठल्या रंगाची वायर कुठल्या खाचेत ते लिहून ठेवा. बऱ्याच कपलरमध्ये पिनांना धरून ठेवणारी एक वेगळी पट्टी असते, ती आधी सरकवा, मग पिना सोडवून नव्या हाउसिंगमध्ये बसवा.

सगळा घोळ होतो तो पिनेपाशी. ‘टक्’ आवाज झाला म्हणजे कॉन्टॅक्ट झाला, असं अनेकजण धरून चालतात. तो आवाज प्लॅस्टिकचा. दोन्ही हाउसिंग एकमेकांत अडकली, एवढंच तो सांगतो. वीज जाते ती फिमेल, म्हणजे पोकळ पिनेच्या आत असलेल्या एका चिमुकल्या स्प्रिंगच्या पानामुळे. ते पान आत शिरणाऱ्या मेल पिनेला दाबून धरतं. त्याचा ताण गेला की कपलर बाहेरून नव्यासारखा दिसतो, लॉकही छान लागतं, आणि आत पिन नुसती टेकलेली असते. गाडी हादरली की स्पर्श सुटतो, पुन्हा लागतो.

हा ताण जातो कशाने? उष्णतेने जातो, सारखं काढघाल केल्याने जातो, आणि मल्टिमीटरच्या, म्हणजे वीज मोजायच्या मीटरच्या, जाड टोकाने तर हमखास जातो. हे मी स्वतः केलंय. सेन्सरच्या कपलरमध्ये समोरून टोक खुपसलं, वायर सलग असली की वाजणारा मीटरचा बझर वाजला, ‘वायर ठीक आहे’ म्हणून खूश झालो. वायर खरंच ठीक होती. पिन मात्र त्याच क्षणी फाकवली होती, आणि दोन दिवसांनी जो नवा फॉल्ट आला तो माझीच करणी. मोजायचंच असेल तर मागच्या बाजूने, सीलच्या कडेने, बारीक पिनेने मोजा.

त्या बझरवरही माझा राग आहे. कित्येक मीटर वीस-तीस ओहम असले तरी आनंदाने वाजतात. इकडे 12 व्होल्टवरच्या 55 वॅटच्या बल्बला साडेचार अँपिअर लागतात. त्याच्या वाटेत पिनेने नुसता 0.2 ओहम अडथळा आणला, तरी पाऊण व्होल्टहून जास्त तिथेच खर्ची पडतो आणि त्या इवल्याशा पिनेत साडेतीन वॅटच्या आसपास उष्णता तयार होते. म्हणून एकच खाच तपकिरी होऊन वितळते आणि शेजारच्या कोऱ्या राहतात. वितळलेलं प्लॅस्टिक हा परिणाम. नुसतं हाउसिंग बदललंत तर मूळ आजार तसाच राहतो. वायरीसकट तयार कपलर जोडलात तर तुमच्या बाजूची पिन नवी होते, पण समोरची, म्हणजे बल्बची, काळवंडलेली पात तीच राहिली तर नवी पिनही भाजून निघणार. दोन्ही बाजू बघा.

परीक्षा अगदी सोपी आहे. त्याच मापाची नवी सुटी मेल पिन घ्या आणि एकेका खाचेत हाताने घालून ओढून बघा. चांगली पिन हलकीशी अडवते, सोडताना नको म्हणते. जिच्यातून ती आपोआप गळून पडते, ती गुन्हेगार. तिला सुईने किंवा पकडीने चिमटून घट्ट करायचा मोह होतो. रात्री घरी पोचण्यापुरतं करा. तापून मऊ पडलेल्या पानाला ताण परत येत नाही. पिन बदला.

एक जुळं लक्षण: कपलर जोडताना एखादी पिनच मागे सरकते. तिथे ताण शाबूत असतो, फक्त पिनेला खाचेत अडकवणारी जीभ वाकलेली असते. ती धातूची असेल तर हलकेच उचलून पिन परत बसवा आणि वायर मागून ओढून खात्री करा. जीभ प्लॅस्टिकची असून तुटली असेल तर मात्र हाउसिंगच बदलावं लागतं.

नवी पिन क्रिंप करा, म्हणजे तिचे पंख वायरीवर दाबून बसवा, योग्य मापाच्या क्रिंपिंग प्लायरने. पुढचे पंख उघड्या तारेवर, मागचे इन्सुलेशनवर किंवा सीलवर. साध्या पकडीने चेपलेली पिन आणि वरून सोल्डरचा गोळा, हे मला बघवत नाही. सोल्डर तारांमध्ये वर चढतं, वायर तिथे ताठ होते आणि ताठपणा संपतो त्या रेषेवर हादऱ्यांनी तुटते. तार सोलल्यावर काळी किंवा हिरवी निघाली तर लखलखीत तांबं दिसेपर्यंत मागे कापत जा. आणि डायइलेक्ट्रिक ग्रीस वीज वाहून नेत नाही, ते पाणी अडवतं. सीलला बोटाने पातळसं लावलं की पुरे, कपलर भरून कोंबू नका.

एअरबॅगचे पिवळे कपलर आणि इलेक्ट्रिक गाडीच्या नारिंगी केबल यांना यातलं काहीही लागू नाही, तिकडे हात घालू नका.

काम झालं की बझर विसरा. बल्ब चालू ठेवा, मीटर व्होल्टवर लावा, आणि कपलरच्या दोन्ही बाजूंना त्याच वायरीवर मागून टोकं लावा. 0.1 व्होल्टच्या वर आकडा दिसला तर कपलर पुन्हा उघडा.