पार्श्वभूमी : नाशिकच्या डोंगरपट्ट्यातील छोटी संग्रहालये आणि ‘पुरावस्तू’ या शब्दाचा घोळ

नाशिकहून त्र्यंबकेश्वरकडे निघालेल्या प्रवाशाला अंजनेरीच्या पायथ्याशी नाण्यांचे संग्रहालय लागते. नाणेशास्त्राच्या संशोधनासाठी १९८० मध्ये उभ्या राहिलेल्या एका संस्थेचे ते दालन आहे. पेठ, सुरगाणा किंवा कळवणच्या रस्त्याला लागलेल्याला मात्र असे ठळक ठिकाण सहसा सापडत नाही. तिकडे आश्रमशाळेतली एखादी खोली किंवा ग्रामपंचायतीचे एखादे कपाट असते, आणि त्याची चावी ज्यांच्याकडे असते ते गुरुजी त्या दिवशी गावात असतील की नाही हे आधी फोन करून विचारावे लागते. एकाच जिल्ह्यातल्या या दोन अनुभवांमध्ये इतके अंतर का, याचे उत्तर रस्त्यांत किंवा निधीत शोधण्याची प्रथा आहे. ते पूर्ण चुकीचे नाही, पण त्यापेक्षा मोठे कारण कायद्यातल्या एका व्याख्येत आहे.

महाराष्ट्रात संग्रहालयांची सुरुवात शहरांतून झाली आणि लोकांनी बराच काळ त्यांना ‘अजबखाना’च म्हटले. मुंबईत भायखळ्याचे संग्रहालय १८७२ मध्ये खुले झाले आणि फोर्टातले १९२२ मध्ये. डोंगरावरच्या खेड्यात संग्रहालय उभे राहण्याचे जुने उदाहरण म्हणजे सातारा जिल्ह्यातील औंध. तेथे यमाईच्या डोंगरावर १९३८ मध्ये संस्थानिकांनी स्वतःच्या संग्रहासाठी इमारत बांधली. नाशिकच्या पश्चिम पट्ट्याला असा संस्थानिक लाभला नाही. पेठ संस्थान १८७८ मध्येच खालसा झाले आणि सुरगाण्याचे छोटे संस्थान १९४८ मध्ये विलीन झाले.

योगायोग असा की, १८७८ मध्येच भूमिगत धनाविषयीचा कायदा आला. जमिनीत दहा रुपयांहून अधिक किमतीचे काही सापडले तर ते कलेक्टरला कळवणे त्याने बंधनकारक केले. सरकारला वस्तू घ्यायची असेल तर सापडलेल्या मालाची किंमत आणि तिचा पाचवा भाग एवढी रक्कम देऊन ती घेता येई. या कायद्याला वस्तू कोणत्या गावात सापडली याच्याशी देणेघेणे नव्हते; त्याच्या लेखी ती माल होती. १९०६ मध्ये नाशिक जिल्ह्यातल्या जोगलटेंभीला क्षत्रप राजा नहपान याच्या चांदीच्या नाण्यांचा साठा मिळाला. तेरा हजारांहून अधिक नाणी होती आणि त्यांपैकी नऊ हजारांवर सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने आपला छाप पुन्हा मारलेला होता. अशा एखाद्या नाण्याकडे निरखून पाहिले तर नहपानाच्या नाकावर किंवा गालावर तीन कमानींचा डोंगर आणि त्याखाली नागमोडी रेघ उठलेली दिसते. पुसल्या गेलेल्या चेहऱ्याचा कान किंवा केसांची कड तेवढी शिल्लक असते. पांडवलेण्यांतील तिसऱ्या क्रमांकाच्या लेण्यात गौतमीपुत्राची आई गौतमी बलश्री हिच्या लेखात याच राजाला खखरात वंश, म्हणजे नहपानाचा वंश, निःशेष करणारा म्हटले आहे आणि सह्य, कण्हगिरी, मलय अशा पर्वतांची यादी देऊन त्यांचा स्वामीही म्हटले आहे. लेणे जागेवर राहिले आणि त्याचा पुरावा असलेली नाणी मात्र जोगलटेंभीत राहिली नाहीत. १९५०-५१ मध्ये नाशिकच्या जुन्या गावठाणात झालेल्या उत्खननाचा अभ्यासही पुण्यातूनच झाला.

खरा गुंता पुरावस्तूंविषयीच्या १९७२ च्या कायद्याने झाला. हा कायदा मूर्तींची परदेशात होणारी चोरटी विक्री रोखण्यासाठी होता, एप्रिल १९७६ पासून तो अमलात आला, आणि त्याचा हेतू योग्यच होता याबद्दल दुमत नाही. पण तस्करी रोखण्यासाठी केलेली व्याख्या पुढे संग्रहालयात काय ठेवावे याचीही मोजपट्टी बनली. या कायद्याने पुरावस्तू ठरायला वस्तू किमान शंभर वर्षांची असावी लागते. हस्तलिखितांना आणि तत्सम दस्तऐवजांना ही अट पंचाहत्तर वर्षांची आहे. शिवाय व्याख्येत ‘गतकाळातील’ कला, धर्म, रूढी यांवर प्रकाश टाकणाऱ्या वस्तू असे शब्द आहेत. वीरगळ (लढाईत पडलेल्या वीराचा स्मारकदगड), ताम्रपट, नाणे, तोफगोळा हे सगळे या चाळणीतून सहज पार होतात. डोंगरपट्ट्याने जे घडवले ते मात्र बहुतांशी लाकूड, बांबू, भोपळा, शेण, कागदाचा लगदा यांचे आहे. वाळवी, बुरशी आणि चार महिन्यांचा पाऊस यांच्या तडाख्यात अशा वस्तूंनी शंभरी गाठणे विरळाच.

वाघदेवाचेच पाहा. सुरगाणा, पेठ, कळवण भागांत शिवारात किंवा गावाच्या वेशीवर लाकडी फळी उभी असते. वरच्या बाजूला सूर्य आणि चंद्र, मध्ये वाघ, कुठे नाग, कुठे मोर, आणि सर्वांवर शेंदराचे थर. त्यामुळे कोरीव काम डोळ्यांना कमी आणि बोटांना जास्त कळते. वाघबारशीला तिची पूजा होते. फळी कुजली की शेजारी नवी उभी राहते आणि जुनी तिथेच मातीत मिसळते. आता कायद्याची व्याख्या लावायची झाली तर ही फळी शंभर वर्षांची नाही आणि तिचा धर्म गतकाळातला नाही, तो चालू आहे. म्हणजे दोन्ही बाजूंनी ती बाद ठरते. भोवाड्याची किंवा बोहाड्याची, म्हणजे गावाच्या मुखवटे-नाचाच्या उत्सवाची, सोंगे (मुखवटे), पावरी आणि तारपा ही भोपळ्याची फुंकवाद्ये, कणगी यांचीही गत तीच.

मग या वस्तूंना जागा कुठे मिळाली? आदिवासी संशोधनासाठी १९६२ मध्ये पुण्यात सुरू झालेल्या शासकीय संस्थेच्या संग्रहालयात. यातून सरकारी कामकाजात एक वाटणी रूढ झाली : दगड आणि धातू पुरातत्त्वाकडे, लाकूड आणि बांबू आदिवासी विकासाकडे. नाशिकमध्ये या दोन्ही खात्यांची महत्त्वाची कार्यालये आहेत आणि त्यांच्यात फार अंतरही नाही. तरी एकाच गावातली वीरगळ एका खात्याच्या यादीत आणि तिच्याशेजारचा वाघदेव दुसऱ्या खात्याच्या माहितीपत्रकात, असे चालते. पहिल्याच्या पाटीवर शतक लिहिलेले असते, दुसऱ्याच्या पाटीवर जमातीचे नाव. कोकणा किंवा वारली सुताराने कोरलेल्या फळीला कारागीर नसतो आणि सालही नसते, हा समज या पाट्यांनीच पक्का केला, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

सिन्नरजवळ २००१ मध्ये सुरू झालेले खनिजांचे खासगी संग्रहालय या वादातून सुटले, कारण बेसॉल्टच्या, म्हणजे काळ्या कातळाच्या, पोकळ्यांत तयार झालेले झिओलाइटचे स्फटिक पुरावस्तू नाहीत. 

अलीकडच्या दशकांत वादाचा रोख बदलला. अनुसूचित क्षेत्रांतील पंचायतींविषयीच्या १९९६ च्या कायद्याने, म्हणजे पेसाने, परंपरा, रूढी आणि सांस्कृतिक ओळख जपण्यास ग्रामसभा सक्षम मानली, आणि राज्याचे त्याविषयीचे नियम २०१४ मध्ये आले. सुरगाणा, पेठ आणि कळवण हे तालुके या क्षेत्रात येतात. पूर्वी एखादा अधिकारी किंवा हौशी संग्राहक गावात येऊन सोंग मागे आणि घरमालक संकोचाने देऊन टाकी. पण सोंगाचा मान त्या घराण्याचा असला तरी भोवाडा गावाचा असतो. त्यामुळे देण्याचा अधिकार एकट्या घराचा की ग्रामसभेचा, हा प्रश्न आता उघडपणे विचारला जाऊ शकतो. त्याचे उत्तर नियमांत स्पष्ट नाही. ग्रामसभेचा अधिकार कागदावर भक्कम असला तरी वस्तू गावाबाहेर जाताना तिचा ठराव लागतोच, असे कोठे लिहिलेले नाही. ही त्रुटी संग्राहकांच्या सोयीची आहे, एवढे नोंदवणे भाग आहे.

गावोगावच्या छोट्या दालनांकडे पाहताना ही पार्श्वभूमी लक्षात ठेवली तर तिथल्या काही गोष्टींचा उलगडा होतो. जाते, उखळ, पाभर, इरले, कंदील असा संसार एका भिंतीशी आणि मंदिराचा तुटका दगड दुसऱ्या भिंतीशी, ही मांडणी गबाळेपणाची वाटते. पण गावाने खात्यांची वाटणी मानलेली नाही, एवढाच तिचा अर्थ आहे. तारप्याच्या सांध्यांवरचे मेण वाळून भेगाळलेले दिसले तर तो वाजवणारा आता येत नाही असे समजावे. मेण ओले दिसले तर तारपा अधूनमधून काचेबाहेर निघतो.

वाघदेवाच्या बाबतीत एक तडजोडही आहे. पूजेतली फळी उचलायची नाही, संग्रहालयासाठी त्याच नमुन्याची नवी कोरून घ्यायची. अशी फळी ओळखायला सोपी असते, कारण तिच्यावर शेंदूर नसतो आणि त्यामुळे वाघाचे पट्टे स्वच्छ दिसतात. तिची स्थापना झालेली नसते. काचेआड, कोरड्या खोलीत, वाळवीपासून दूर ती शंभर वर्षे टिकेल आणि त्या दिवशी वयाची अट पूर्ण करेल. वेशीवरची मूळ फळी तोवर दोन-तीनदा बदललेली असेल.