जाड तार, ताठ तार

बेस गिटारच्या तारांच्या पाकिटावर ठळक छापलेलं असतं: ४५-६५-८०-१००. कधी शेवटचा आकडा १०५ असतो. हे आकडे म्हणजे तारेची जाडी, इंचाच्या हजाराव्या भागांत मोजलेली. १०५ म्हणजे ०.१०५ इंच, सुमारे २.६७ मिलिमीटर. या जाडीला आपण सगळे गेज म्हणतो. आता एखाद्या बेसिस्टला विचारा, "तुझा सेट ताठ आहे का रे?" तो सांगेल, "नाही, साधाच आहे, ४५-१०५." म्हणजे विचारलं ताणाबद्दल आणि उत्तर आलं जाडीचं. दोघांनाही त्यात काही खटकत नाही. मलाही बरीच वर्षं खटकलं नव्हतं.

तारेवरचा ताण तीन गोष्टींवर ठरतो: तारेचं दर इंचाला वजन, नट (नेकच्या, म्हणजे मानेच्या टोकाची खाचांची पट्टी) ते ब्रिज (बॉडीवर तारा टेकतात तो भाग) ही कंप पावणारी लांबी, आणि तुम्ही तिला कुठल्या सुरात लावता तो सूर. लांबी आणि सूर यांचा परिणाम वर्गाच्या पटीत होतो (दुप्पट लांबी, चौपट ताण), वजनाचा सरळ. या हिशेबात जाडी कुठेच नाही. ती येते वजनाच्या मागच्या दाराने: एकाच बनावटीच्या दोन तारांमध्ये जाड तार जड असते, आणि जड म्हणून तिच्यावर ताण जास्त. बनावट बदलली की हे गणित मोडतं.

आधी एकाच बनावटीचं बघू, कारण तिथेही एक गंमत आहे. बेसच्या चार तारा चौथ्या-चौथ्या स्वरावर लावलेल्या असतात. खालची ई साधारण ४१ हर्ट्झ, ए ५५, डी ७३, जी ९८. प्रत्येक तारेची कंपनसंख्या खालच्या तारेच्या चार तृतीयांश पट. वजन जाडीच्या वर्गाने वाढतं, म्हणून चारही तारांवर सारखा ताण हवा असेल तर जाडीही प्रत्येक पायरीला चार तृतीयांश पट वाढायला हवी. जी ४५ धरा. डी ६०, ए ८०, ई जवळपास १०७. तारा बनवणाऱ्या डॅडारिओ कंपनीचा समतोल ताणाचा एक सेट नेमका असाच आहे, ४५-६०-८०-१०७.

आता नेहमीचा ४५-६५-८०-१०० याच्या शेजारी ठेवा. डी ६० ऐवजी ६५, म्हणजे ताण सुमारे १७ टक्के जास्त. ई १०७ ऐवजी १००, म्हणजे सुमारे १३ टक्के कमी. "माझी डी फार कडक लागते आणि ई लोळते" ही तक्रार मी इतक्यांकडून ऐकली आहे, आणि दर वेळी दोष बोटांना, ब्रिजला किंवा बिचाऱ्या नेकला दिला जातो. दोष पाकिटातच होता. नवीन तारेचं पाकीट हातात आलं की मी आता आधी हा चार तृतीयांशाचा हिशेब करतो. कागद लागत नाही, तोंडी होतो.

हे मला कळलं ते एका कार्यक्रमात फजिती झाल्यावर. गायकाचा घसा बसला होता, त्यामुळे सगळी गाणी अर्धा स्वर खाली घ्यायची ठरली. खुंट्या फिरवल्या, तारा जुळल्या, आणि पहिल्याच गाण्यात ई तार फ्रेटवर, म्हणजे नेकवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्यांवर, खडखडायला लागली. मी शहाणपणा करून मध्यंतरात ब्रिजवरचे सॅडल, म्हणजे तारा टेकतात ते तुकडे, वर केले. खडखड कमी झाली, पण डावा हात भरून आला, आणि जोरात छेडलं की प्रत्येक सूर सुरुवातीला चढा लागून मग खाली उतरायचा. उत्तरार्धात की-बोर्डवाल्याने दोनदा वळून पाहिलं. त्याचं बरोबर होतं.

झालं होतं असं. अर्धा स्वर उतरलं की ताण ११ टक्के जातो. पूर्ण स्वर उतरलं की जवळपास २१. सैल तार छेडल्यावर जास्त झुलते, म्हणून फ्रेटला लागते, आणि तीच तार जोरात ओढली की सूर जास्त चढतो. उंची वाढवून झुलायला जागा मिळाली, ताण परत आला नाही. उपाय जाडीतच होता, फक्त कारण ताणाचं होतं: १०० ची १०५ केली की जाडी ५ टक्के वाढते आणि ताण सुमारे १०. म्हणजे अर्ध्या स्वराची भरपाई जवळजवळ होऊन जाते. लांबीचाही असाच हिशेब आहे. ३४ इंचांच्या बेसवरचा सेट ३० इंचांच्या छोट्या बेसवर त्याच सुरात लावला तर ताण २२ टक्के कमी होतो, आणि ३५ इंचांवर ६ टक्के वाढतो. पाच तारांच्या बेसवर खर्जातली बी तार ताठ राहावी म्हणून लोक ३५ इंचांकडे वळतात ते याच ६ टक्क्यांसाठी. माझ्या मते ६ टक्क्यांसाठी डाव्या हाताला आयुष्यभर एवढं ताणायला लावणं महागात पडतं, पण ज्याची बोटं लांब त्याने ठरवावं.

बनावट बदलली की काय होतं, ते नायलॉनच्या तारांवर सगळ्यात चांगलं दिसतं. रोटोसाउंड कंपनीचा ट्रू बेस ८८ हा सेट घ्या, वरून काळ्या नायलॉनची सपाट पट्टी गुंडाळलेला. त्याचे आकडे ६५-७५-१००-११५. म्हणजे त्याची जी तार आपल्या नेहमीच्या डी एवढी जाड! आकडे वाचून मी घाबरलोच होतो. नेहमीची, बाहेरून गोल धातूची तार गुंडाळलेली ६५ ची तार कुणी जी मध्ये लावली तर ताण ४५ च्या दुपटीहून जास्त होईल. प्रत्यक्षात सेट चढवला तर बोट लोण्यात रुतावं तसं रुतलं. नायलॉन हलकं, जाडीतला मोठा वाटा त्याचाच, त्यामुळे वजन कमी आणि ताणही कमी.

पण खरा धडा पुढे होता. तारा चढवल्या आणि दोन तक्रारी एकदम आल्या. पहिल्या फ्रेटवर तार जरा जास्तच उंच, आणि त्याच्या पुढच्या दोन-तीन फ्रेटवर खरखर. मी म्हटलं, एकाच जागी उंच आणि बुटकी कशी असेल? दोन्ही आजार वेगळे होते. नटच्या खाचा अरुंद, त्यात जाड तार बसलीच नव्हती, वर अडकून राहिली होती. हा जाडीचा प्रश्न. आणि नेकवर रोजचा चार तारांचा मिळून सुमारे ८० किलोंचा ताण असतो, तो कमी झाला, मग आतला ट्रस रॉड, म्हणजे तारांच्या ताणाविरुद्ध नेकला ओढून धरणारी सळई, वरचढ ठरला आणि नेक सरळ होऊन थोडी मागे झुकली. हा ताणाचा. त्यासाठी ट्रस रॉड पाव फेरा सैल केला आणि रात्रभर थांबलो. नटच्या खाचांना मात्र लगेच कानस लावू नका. खाच रुंद केली की परत अरुंद होत नाही, आणि पुन्हा ४५ ची तार लावाल तेव्हा ती त्या खाचेत नाचेल.

फ्लॅटवाउंड तारांचं उलट. त्यांची बाहेरची गुंडाळी धातूच्या चपट्या पट्टीची, मध्ये पोकळी राहत नाही, म्हणून त्याच जाडीत धातू जास्त भरला जातो आणि बहुतेक सेट जास्त ताठ लागतात. मोटाउन या रेकॉर्ड कंपनीचा बेसिस्ट जेम्स जेमर्सन याची फ्लॅटवाउंड ५२ ते ११० ची होती, फेंडरच्या प्रिसिजन बेसवर. आयर्न मेडन या हेवी मेटल बँडचा स्टीव्ह हॅरिस ५० ते ११० ची फ्लॅटवाउंड लावतो आणि घोडदौडीच्या वेगात बोटांनी वाजवतो. फ्लॅटवाउंड म्हणजे मऊ, जुनाट आवाज असं सांगणाऱ्याला मी हॅरिसचं नाव ऐकवतो. तो बहुतेक वेळा गप्प होतो.

आणखी काही गोष्टी ताणाच्या नावावर खपतात. तार ब्रिजऐवजी बॉडीच्या मागून आरपार ओवली की ताण वाढतो म्हणतात. वाढत नाही. नट ते सॅडल अंतर तेच, सूर तोच, तार तीच, तर ताणही तोच. हाताला फरक जाणवत असेल तर तो तार दाबताना किंवा ओढताना किती लवते याचा असेल, त्यावर मी भांडणार नाही. तारेच्या गाभ्याचंही तसंच: षटकोनी गाभा आणि गोल गाभा यांच्या तारा सारख्याच ताणावर असल्या तरी वाकायला एक कडक आणि एक मवाळ लागू शकते. हा ताठपणा वाकण्याचा, ताणाचा नाही. आणि तार फ्रेटपासून उंच असली म्हणून ती ताठ होत नाही, एवढं तरी नवशिक्यांना कुणीतरी सांगायला हवं.

स्टेजवर मी तारेच्या आवाजातली झळाळी सगळ्यात शेवटी बघतो. ड्रम आणि दोन गिटार सुरू झाले की ती निम्मी बुडतेच, आणि उरलेली ॲम्पवर कमी-जास्त करता येते. ॲम्पवर ट्रेबलची खुंटी असते, ताणाची नसते. सैल तारेवर माणूस आवाज कमी पडतोय म्हणून जोर लावतो, तार फ्रेटवर आपटते, सूर तुटका येतो, मग तो आणखी जोर लावतो. अशा वेळी ॲम्पचा आवाज वाढवा आणि हात हलका करा. एवढं करूनही तार लोळत असेल, तर पुढच्या वेळी फक्त ई जाड घ्या. अख्खा सेट बदलायची गरज नाही.

माझ्या पेटीत हल्ली दोन सुट्या ई तारा असतात. एक १०५ ची, घसा बसलेल्या गायकांसाठी. दुसरी ११० ची, घसा बसूनही गाणं रद्द न करणाऱ्या गायकांसाठी.